टाचेखालचं पॅकिंग

हिंगण्याच्या एका कंपनीत मी एकतीस वर्षं एकच काम केलं. नवीन आलेली मशीन जमिनीवर बसवायची. क्रेनने आणून ठेवणं वेगळं आणि बसवणं वेगळं. ठेवायला कुणीही ठेवतो. कागदोपत्री मी आधी फिटर होतो, मग सुपरवायझर झालो, पण शॉपमध्ये कुणालाही विचारलंत तर तो सांगेल, हा पायांचा माणूस. मशीनच्या पायांशी उकिडवं बसून बसून माझे स्वतःचे गुडघे गेले, ही त्यातली गंमत.

चार पायांची मशीन आणून ठेवली की ती टेकते तीनच पायांवर. फरशी कितीही गुळगुळीत दिसली तरी ती सपाट नसते, आणि ओतीव लोखंडाचे पायही एका पातळीत नसतात. चौथा पाय टेकल्यासारखा दिसतो, पण त्याच्याखालून कागद आरपार सरकतो. त्याला आम्ही अधर पाय म्हणायचो. त्याच्या वाटचं वजन बाकीच्या पायांवर पडलेलं असतं, आणि तेही सारखं नाही, कुणावर जास्त, कुणावर कमी. तशीच मशीन सुरू केली तर ती थरथरते, बेअरिंग खाते, आणि सहा महिन्यांनी सगळे मिळून ऑपरेटरच्या नावाने खडे फोडतात. म्हणून मी प्रत्येक पायाखाली कागदाची पट्टी सारायचो आणि ओढून बघायचो. पट्टी सैल आली की त्या पायाखाली पातळ पत्र्याचं पॅकिंग घालायचं आणि पुन्हा ओढायची. चारही पट्ट्या निघायच्या बंद झाल्या, ओढल्यावर फाटल्या, म्हणजे मशीन बसली. मग मी हात पुसून चहाला जायचो.

घट्ट पट्टी म्हणजे चांगला पाय. एकतीस वर्षं माझ्या डोक्यात हे असं बसलेलं होतं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे मी घरी जे केलं ते याच डोक्याने केलं.

माझे बाबा विणकर. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर, आणि पुढच्या खोलीत खड्डामाग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणणाऱ्याचे पाय, आणि वर चार लाकडी खांबांवर उभा माग. बाबा डाव्या हाताने फणीची जड चौकट ओढून धाग्यावर ठोका मारायचे, दिवसातून हजारो वेळा, त्यामुळे त्यांचं डावं मनगट उजव्यापेक्षा जाड होतं. घरातली जमीन मातीची होती. पावसाळ्यात एखादा खांब थोडा खचायचा आणि लुगड्याचा एक काठ ढिला पडायला लागायचा. पण काठ ढिला पडायच्या आधीच बाबांना कळायचं, ठोक्याच्या आवाजावरून. ते खड्ड्यातून बाहेर यायचे, एकेका खांबावर तळहात ठेवायचे आणि सांगायचे, हा खचला. मग त्या खांबाखाली खापराचा तुकडा सारून पुन्हा विणायला बसायचे. मोजमाप काही नाही. मी आयटीआय करून आलो तेव्हा मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी त्यांना एकदा पाणसळ आणून दाखवली होती. त्यांनी बुडबुडा इकडून तिकडे फिरवून पाहिला आणि म्हणाले, "मस्त आहे गा. पण हे तं खांबाले विचारतच नाही."

पुढे माग गेला. पॉवरलूमपुढे आमच्या गल्लीतले सगळेच माग गेले, त्यात नवीन काही नाही. बाबा सदरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात राखणदार झाले आणि दुसऱ्यांनी विणलेल्या कापडासमोर स्टुलावर बसून त्यांनी सोळा वर्षं काढली. आम्ही खड्डा बुजवला, वर फरशी घातली. बाबांना झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा लोखंडी पलंग टाकायला घरात तेवढी एकच मोकळी जागा होती. दवाखान्यातून आणून त्यांना तिथे झोपवलं तर त्यांनी छताकडे पाहिलं, मग मान वळवून भिंतीकडे पाहिलं आणि हसले. शब्द जड झाले होते, पण कळत होते. "खड्ड्यातून निघालो, अन् येऊन खड्ड्यावरच पडलो."

मार्च संपत आला होता. आमच्या गल्लीत एक नर्सबाई राहतात, नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्या पहिल्याच दिवशी आल्या आणि मला आणि बायकोला समोर उभं करून सगळं समजावलं. माणूस उताणा पडला की त्याचं वजन सगळ्या अंगावर पसरत नाही, ते हाडं जिथे वर येतात तिथेच पडतं. डोक्याची मागची बाजू, पाठीची दोन पाती, माकडहाड, दोन टाचा. तुम्ही-आम्ही झोपेत सारखे हलतो म्हणून वाचतो. जो हलत नाही त्याच्या त्या जागी रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. म्हणून दर दोन घंट्यांनी कूस बदलायची. उजवी, उताणी, डावी, पुन्हा उताणी. चादरीला चुणी पडू द्यायची नाही. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून पाहायचा. पांढरा होऊन परत लाल झाला तर घाबरायचं नाही, दाबूनही लालच राहिला तर मला बोलवायचं. त्यांनी बाबांनाही कामाला लावलं. "बाबाजी, डावा हात तुमचा चांगला आहे. हे लोक पलटवतील तेव्हा गज धरायचा अन् ओढायचं. तुम्हीपण थोडी मेहनत करा." पलंगाला दोन्ही बाजूंनी पाइपाचे गज मी वेल्ड करून घेतले होते.

मी जाणकारासारखा मान हलवत होतो. हाडं जिथे टेकतात ते पाय, हे माझ्या लगेच लक्षात आलं. डोकं धरून सहा पाय. मला बरंसुद्धा वाटलं, लाज वाटते सांगायला. इतके दिवस दवाखान्यात डॉक्टर जे बोलत होते त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि आता अचानक माझ्या धंद्यातली गोष्ट निघाली होती.

हवेची गादीही आणली होती. तिची नळ्यांची जाळी पंपावर आळीपाळीने फुगते. बाबांना ती दोन दिवससुद्धा सोसली नाही. "डोंग्यात बसल्यावानी होते गा, मळमळते. काढ हे." मी अर्ध्या तासात काढली. खरं सांगायचं तर मलाही ती आवडली नव्हती. हवेवर काही बसवायचं ही कल्पनाच मला पटत नव्हती.

माझी शिफ्ट सकाळी सातची. सहाला कंपनीची बस यायची आणि साडेचारला मी घरी. या वेळात बाबांना पलटवायचं काम बायकोचं. ती पारशिवनीकडची, शेतात राबलेली, अंगात ताकद होती, पण कमरेचा मणका आधीच सरकलेला होता. तीन आठवडे तिने एकदाही कुरकूर केली नाही. मग एका संध्याकाळी मी आलो तर ती स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होती आणि तिला सरळ होता येत नव्हतं. त्याच दिवशी बाबांच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. मी दाबला. तो लालच राहिला.

नर्सबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "सुरुवात आहे, घाबरू नका. पण आता उताणं कमी ठेवा, कुशीवर जास्त, अन् वेळ चुकवू नका." वेळ चुकवू नका, हे त्या बायकोकडे पाहून म्हणाल्या नाहीत, पण बायकोने ते स्वतःलाच लावून घेतलं. तिचे डोळे भरले आणि माझं डोकं फिरलं. एकीकडे तिची कंबर, एकीकडे बाबांचं माकडहाड, आणि मी दिवसभर हिंगण्यात लोखंडाचे पाय मोजत बसलेला. मला वाटलं, हे मला जमलं पाहिजे. दहा टनांची मशीन मी केसाएवढ्या फरकात बसवतो, पन्नास किलोचा बाप मला नीट बसवता येऊ नये?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कॅलेंडरचं मार्चचं पान फाडलं, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या आणि बाबांना उताणं करून एकेक पट्टी त्यांच्या अंगाखाली सारली. डोक्याखाली एक, पाठीच्या पात्यांखाली दोन, माकडहाडाखाली एक, टाचांखाली दोन. बाबा माझ्याकडे टक लावून पाहत होते.

"काय करून राहिला गा?"

"तुमचं वजन कुठं पडते ते पाहून राहिलो. हलू नका, बाबा."

"हलता आलं असतं तं तुले कायले तरास देला असता?"

मी पट्ट्या ओढल्या. पाठीखालच्या सुळकन निघाल्या. टाचांखालच्या थोड्या अडल्या. माकडहाडाखालची फाटली, अर्धी माझ्या हातात आली आणि अर्धी आतच राहिली. मला जे पाहिजे होतं ते सापडलं. सगळा भार एका जागी होता आणि बाकीचे पाय जवळजवळ अधर होते. आता फक्त पॅकिंग करायचं होतं. मी दोन सतरंज्या घट्ट घड्या घालून पाठीच्या वरच्या भागाखाली सारल्या, एक मांड्यांखाली, आणि जुन्या चादरीची टणक गुंडाळी करून दोन्ही पोटऱ्या-टाचांखाली. उशा मऊ असतात, दबतात, म्हणून उशा घेतल्या नाहीत. मऊ पॅकिंगवर माझा कधीच विश्वास नव्हता. पुन्हा पट्ट्या सारल्या. माकडहाडाखालून पट्टी अलगद निघून आली. पाठीखालच्या अडल्या. टाचांखालच्या दोन्ही फाटल्या.

आणि मी खूश झालो. टाचा घट्ट बसल्या होत्या ना. बायकोला हाक मारून मी ती माकडहाडाखालची पट्टी तिच्यासमोर पुन्हा आतबाहेर करून दाखवली. "हे पाह्य. इथं आता काहीच वजन नाही. याले आता दिवसभर पलटवायची गरज नाही. उलट पलटवलं तं पॅकिंग सरकन."

ती म्हणाली, "पण नर्सबाईनं दर दोन घंट्यानं सांगतलं होतं न?"

"नर्सबाईले वजन काय माहीत? एकतीस वर्षं झाले मी हेच करून राहिलो."

हे मी ज्या आवाजात बोललो तो माझा शॉपमधला आवाज होता. त्या आवाजापुढे तिथली पोरं गप्प बसायची, बायकोही गप्प बसली. तिला बरंही वाटलं असेल. तिची कंबर खरोखर गेली होती, आणि कुणीतरी ठामपणे सांगितलं की आता वाकू नको, तर कोण नाही म्हणेल? मी तिला दोष देत नाही. कुणी दिला तर मी ऐकूनही घेणार नाही.

सोमवारी मी कामावर गेलो. संध्याकाळी येऊन पाहिलं तर माकडहाडाचा डाग फिका झालेला. मला इतका आनंद झाला की मी कपडे न बदलताच बाबांजवळ बसलो. तेव्हा ते म्हणाले, "डाव्या टाचेले मुंग्या येऊन राहिल्या. मले पलटवून दे गा."

मी पलटवलं नाही. म्हटलं, "पलटवलं तं सगळं परत कराव लागन, बाबा. आजचा दिवस कळ काढा." आणि डाव्या टाचेखाली चादरीऐवजी मऊ टॉवेल घातला. मुंग्या थांबल्या. तक्रार थांबली म्हणजे दुरुस्ती झाली, असं मी समजलो. डाव्या टाचेवरून जे वजन मी काढलं ते कुठे गेलं असेल, हा प्रश्न कारखान्यात मी सर्वात आधी विचारला असता. तिथे एका पायाला हात लावला की बाकीचे तीन पुन्हा तपासायचे, हे मीच नवीन पोरांना शिकवायचो. घरी मी तपासलं नाही. उजवा पाय काही म्हणत नव्हता ना. तो म्हणणार कसा? त्याला काही कळतच नव्हतं.

मंगळवारी बाबा पुन्हा म्हणाले, "पलटवून दे." मी म्हटलं, "उद्या." बाबा मग म्हणाले नाहीत. हट्ट करायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि पोराला कळतं असं त्यांना वाटत होतं. आयटीआय केलेला पोरगा, पाणसळ आणून दाखवणारा.

बुधवारी मी घरी आलो तर बायको दारातच उभी होती. ती मला आत घेऊन गेली. तिने बाबांचा उजवा पाय उचलून धरला. टाचेच्या बाहेरच्या बाजूला जांभळा-काळा डाग होता, पिकल्या जांभळासारखा, आणि वरची कातडी ओली होती. मी बोटाने दाबून पाहिला. बाबा म्हणाले, "काय पाहून राहिला?" त्यांना मी बोट लावल्याचंही कळलेलं नव्हतं.

नर्सबाई आल्या. त्यांनी पाय पाहिला, मग पलंगावरचा सगळा थाट पाहिला. सतरंज्या, गुंडाळी, टॉवेल. त्यांनी एकेक वस्तू ओढून बाहेर काढली आणि खुर्चीवर रचून ठेवली. पाठीखालची सतरंजी काढताना तिच्याबरोबर कॅलेंडरची एक पट्टी बाहेर आली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि तीही खुर्चीवर ठेवली. मग विचारलं, "पलटवणं कधीपासून बंद आहे?"

"रविवारपासून," बायको म्हणाली.

"कुणी सांगतलं बंद करा म्हून?"

मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होतो, हे खरं आहे, पळ काढत नव्हतो. पण माझ्याआधी पलंगावरून बाबा बोलले. "म्या म्हटलं, बाई. पलटवलं का मले चक्कर येते. पोरगा तं पलटवतो म्हणे. म्याच नाही म्हटलं."

नर्सबाई त्यांना रागावल्या. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्या लहान मुलासारखं रागावल्या, की बाबाजी, असे लाड चालणार नाहीत, आता पाहा काय करून ठेवलं. बाबा ऐकून घेत होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. मी बोललो नाही. त्या वेळी एक वाक्य पुरलं असतं. मी ते तेव्हा बोललो नाही, त्या गेल्यावर नाही, नंतर त्या रोज मलमपट्टीला यायच्या तेव्हाही नाही. आजही गल्लीत भेटल्या की त्या म्हणतात, "तुमचे बाबा हट्टी होते, पण माणूस चांगला." मी मान हलवतो. मला माझी शिसारी येते आणि मी मान हलवतो.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "खोटं काहून बोलले?"

"तुले नर्सबाईकडून रोज काम घ्याचं आहे. तिच्यापुढं तुह्यं तोंड कायले खाली करू?" मग शब्द जमवत ते म्हणाले, "अन् तू एकट्यानं थोडीच केलं? सुनेनं आयकलं. म्याबी आयकलं. म्या जोरानं म्हणाले पायजे होतं. माग असता तं ठोक्यावरून समजलं असतं मले. हा पाय काही आवाजच देत नाही गा."

ते माझ्या चुकीचे वाटे करत होते. थोडा वाटा सुनेला, थोडा स्वतःला, म्हणजे माझ्यावर कमी पडेल. मला ते सहन झालं नाही. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून रडलो. मला तो वाटा कुणाला द्यायचा नव्हता. पण नर्सबाईंसमोर तो घेतलाही नव्हता.

मी शिल्लक होती तेवढी सगळी रजा टाकली. आता पलटवायचं काम माझं एकट्याचं. बायकोला मी पलंगाला हात लावू देत नव्हतो. घड्याळाला गजर लावला, दर दोन तासांनी. उजवी कूस सोडून, कारण त्या बाजूला जखम. पायाखाली उशी, तीसुद्धा पोटरीखाली, टाच हवेत, अधर. एकतीस वर्षं ज्या अधर पायाला मी शिव्या दिल्या, तो पाय तसा राहावा म्हणून दिवसातून बारा वेळा खाली वाकून बघायचो. जखम भरायचं नाव घेत नव्हती. आधी काळी खपली धरली, मग ती सुटली, आणि आत काय आहे ते दिसलं. दवाखान्यातले सर्जन म्हणाले, कापून साफ करायचं तर भूल द्यावी लागेल आणि भूल यांना झेपणार नाही. मे महिना. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, आत कूलरचा ओला वारा आणि त्या जखमेचा वास. कूलरची खस बदलली, उदबत्त्या लावल्या, वास जाईना. ताप यायचा, औषधाने उतरायचा, पुन्हा यायचा. शेजारी भेटायला यायचे आणि दारातच बसायचे.

आपण बरं करू, ही आशा मी कधी सोडली ते मला नेमकं सांगता येणार नाही. गजर होत राहिला आणि मी पलटवत राहिलो, एवढं आठवतं.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटायचं. बायको म्हणायची, बाबांना पलटवताना कमरेचा काटा ढिला होतो. मला तसं होत नव्हतं. मी म्हणायचो, "बाबा, धरा," ते डाव्या हाताने गज धरायचे, मी खांदा आणि कंबर धरून "एक, दोन, तीन" म्हणायचो, आणि ते अलगद वळायचे. सुरुवातीला मला वाटलं आपल्याला युक्ती साधली. मग दिवसेंदिवस ते आणखी सोपं वाटायला लागलं, तेव्हा मी बायकोला म्हणालो, "बाबा किती हलके झाले वं. हाताले लागतच नाहीत." ती म्हणाली, "खातेत कुठं काही? झिजले बिचारे." ते झिजलेच होते. छातीची हाडं मोजता येत होती. मी ते हलकेपण वाईट बातमीसारखं रोज मनात नोंदवत होतो, आणि त्याच वेळी, माझ्या सवयीप्रमाणे, आपल्या हाताला काम जमतं याचं थोडं समाधानही वाटून घेत होतो.

सहावा आठवडा होता. दुपारचे दोन वाजले, गजर झाला. बायको आत पडली होती. बाबांचा ताप सकाळपासून उतरलेला होता, डोळे मिटलेले, श्वास चालू. मी म्हटलं, "बाबा, धरा." खांदा धरला, कंबर धरली, एक, दोन, तीन म्हटलं आणि ओढलं.

ते हलले नाहीत.

मला वाटलं चादर अडकली. वाकून पाहिलं, अडकली नव्हती. पुन्हा ओढलं. माझ्या गुडघ्यांत कळ गेली, कमरेत चमक आली, आणि बाबा पलंगावरून जेमतेम चार बोटं उचलले गेले आणि पुन्हा तसेच खाली आले. मग माझं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं. तो गजावर नव्हता. गजापासून वीतभर अंतरावर चादरीवर उघडा पडला होता, तळवा वर, बोटं थोडी वळलेली. मनगट अजून जाड होतं.

सहा आठवडे, दिवसाला बारा वेळा, त्या हाताने गज ओढून बाबा स्वतःला पलटवत होते. मी फक्त धरून होतो. ताप असताना, काही खात नसताना, ज्या पोराने तीन दिवस पलटवलं नाही त्याला जड जाऊ नये म्हणून. आणि मी बायकोला सांगत होतो, बाबा हलके झालेत.

श्वास चालू होता. तो संध्याकाळपर्यंत चालू राहिला. पण दोन वाजले होते आणि कूस बदलायची वेळ झाली होती. मी बायकोला उठवलं नाही. त्यांचा डावा हात उचलून त्यांच्या छातीवर ठेवला, पलंगावर एक गुडघा टेकला, दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली घातले आणि त्यांना एकट्याने पलटवलं. फार जड होते बाबा.